सीमाभागातला दुसरा वाद

बेळगाव-निपाणी पट्ट्यातला एक वाद, सीमाप्रश्नाचा, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दुसरा कुठल्याच न्यायालयात गेला नाही. तो खडेबाजारातल्या दुकानांच्या फळ्यांवर, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि लग्नाच्या मांडवामागे ड्रायव्हर मंडळी बिड्या ओढत उभी असत तिथे चालायचा. फियाट चांगली की अँबॅसिडर? साठच्या दशकात सुरू झालेला हा वाद मारुती येऊन जुनी झाली तरी संपला नव्हता. गंमत म्हणजे वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे सायकलपलीकडे वाहन नसायचं. पण मत असायचं, आणि ते ठाम असायचं.

या वादाची मुळं आपण समजतो त्यापेक्षा या रस्त्याच्या जास्त जवळची आहेत. भारतात मोटारीचा कारखाना काढावा म्हणून आकडेमोड करून योजना मांडणाऱ्या पहिल्या माणसांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, नोकरीची उमेदीची वर्षं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आणि मग मैसूरची दिवाणगिरी. तिसाच्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने बघून आले. त्यांची योजना उचलून धरली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. कारखाना मुंबईत व्हावा असं ठरत होतं आणि बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही अनुकूल होतं. पण १९३९ साली महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, आणि मोटारीचा कारखाना युद्धकार्यात बसत नाही असं दिल्लीच्या गोऱ्या सरकारचं म्हणणं पडलं. वालचंदशेठ गप्प बसणारे नव्हते. त्यांनी डिसेंबर १९४०मध्ये मैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी उभी केली, आणि मोटारीसाठी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून मुंबईच्या कुर्ल्यात कारखाना घातला. म्हणजे मैसूरच्या दिवाणांनी आखलेली मोटार मुंबईत गेली आणि सोलापूरच्या शेठजींचं विमान मैसूर संस्थानात. या दोन टोकांना जोडणारा पुणे-बंगळूर रस्ता निपाणी आणि बेळगाव ओलांडूनच जातो.

चाकाचं वेड या गावात तसं त्याआधीचंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावात. आज किर्लोस्कर रोडवर गाडी लावायला जागा शोधत फिरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

दुसरीकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ सालीच निघाली होती. तिने गुजरातेतल्या ओखा बंदरावर जुळणी सुरू केली आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमध्ये हुगळीकाठी उत्तरपाड्याला बस्तान हलवलं. प्रीमियरचा हात क्रायस्लरच्या हातात होता, हिंदुस्थानचा मॉरिसच्या. तोवर बाजारात परदेशी गाड्यांची रेलचेल होती. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८पासून चालू होता. सरकारने १९४९मध्ये तयार मोटारींची आयात बंद केली. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरलं की, ज्यांना गाडी इथे खरोखर बनवायची आहे त्यांनीच थांबावं, नुसते सुटे भाग जोडणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. राहिल्या हिंदुस्थान, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. स्टँडर्डची हेराल्ड दिसायला सुरेख होती, तिच्यावर जीव टाकणारेही होते. पण आपल्या भागातल्या वादात ती कधी मुख्य पक्षकार झाली नाही.

मग दोन गाड्या आल्या. इटलीत १९५३ साली निघालेली फियाट ११०० वर्षभरात कुर्ल्यात जुळू लागली. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी, आणि नाक असं गोल की लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ नाव ठेवलं. हे नाव प्रेमाचंच. डुक्कर फियाटवाला माणूसही तेच म्हणायचा. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ची डिलाइट आणि सत्तरीच्या सुरुवातीला इटालियन करार संपल्यावर प्रीमियर प्रेसिडेंट व मग प्रीमियर पद्मिनी, अशी तिची नावं बदलत गेली. बेळगावात मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. अँबॅसिडर १९५७ची. इंग्लंडमध्ये आदल्याच वर्षी आलेल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवर ती बेतलेली. इंग्रजांनी ते मॉडेल १९५९मध्ये गुंडाळलं. आपण २०१४पर्यंत चालवलं.

दरम्यान, ज्यांच्यासाठी या गाड्या बनत होत्या त्यांचं राज्यच बदललं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा मैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्याआधी जानेवारीत झालेल्या गोळीबारातले हुतात्मे सीमाभाग दरवर्षी १७ जानेवारीला आठवतो. मोटारीच्या बाजूने बघायचं तर फेररचनेचा परिणाम असा झाला की, कालपर्यंत ‘आपल्या मुंबईत’ बनणारी फियाट आज परराज्यात बनू लागली. निपाणीतून निघून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजपर्यंत गेलं की महाराष्ट्र लागतो. गाडीचं इंजिन गरम व्हायच्या आत राज्य बदलतं. बेळगावहून आंबोलीला निघालं की शिनोळीला हद्द ओलांडावी लागते. इथल्या गाड्या दोन राज्यांत रोज ये-जा करत, आणि करतात, ते अशा भूगोलामुळे.

आता खुद्द गाड्यांकडे येऊ. वादात दोन्ही बाजूंनी फेकले जाणारे आकडे बरेचदा हवेतले असत. कुणाचे मामा बेळगावहून पुण्याला चार तासांत गेलेले असत, कुणाच्या काकांच्या गाडीचा काटा घाटातही ऐंशीखाली येत नसे. कागदावर मात्र चित्र वेगळं आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, गाडीचं वजन ८९५ किलो. अँबॅसिडरला सुरुवातीला जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. थोड्याच काळात वरच्या व्हॉल्व्हचं १४८९ सीसीचं आलं. त्याची शक्ती सुमारे ५०, आणि गाडीचं वजन अकराशे किलोच्या थोडं पुढे. म्हणजे बिर्लांच्या गाडीत इंजिन चारशे सीसीने मोठं, पण लोखंडही तेवढंच जास्त. भागाकार केला की दोघींना टनामागे पंचेचाळीसच्या आसपास अश्वशक्ती येते. इतकी वर्षं जिच्यावर लोकांनी घसा कोरडा केला, ती लढत रिकाम्या गाड्यांपुरती कागदावर जवळजवळ बरोबरीत सुटते.

पण रिकामी गाडी इथे कोण नेत होतं? लग्नाला, नृसिंहवाडीला, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालेल्या गाडीत मोठी माणसं पाच-सहा, वर पोरं, डिकीत बोचकी आणि टपावर ट्रंक. चारशे किलोचं ओझं धरा. फियाटच्या वाट्याला टनामागे एकतीस अश्वशक्ती उरते, अँबॅसिडरला तेहतीस. फरक थोडा वाटेल. पण खरी गोष्ट शक्तीपेक्षा ओढीची आहे. फियाटचं छोटं इंजिन जोर धरायचं ते तीन हजार फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे आवाज चढल्यावर. अँबॅसिडरचं इंजिन कमी फेऱ्यांतही ओढ देई, आणि तिचा टॉर्क फियाटच्या जवळपास दीडपट.

तवंदीच्या घाटात हा फरक कानाला कळायचा. निपाणी सोडून बेळगावकडे निघालं की स्तवनिधीच्या अंगाला हा चढ लागतो. सह्याद्रीतल्या घाटांपुढे तो किरकोळ. पण चौपदरी होण्याआधीच्या अरुंद रस्त्यावर पुढे तंबाखूचा नाहीतर उसाचा ट्रक गुरगुरत असे, आणि त्याच्यामागे गाडी अडकली की खरी परीक्षा. फियाटवाला तिसऱ्यातून दुसऱ्यात येई, इंजिन ओरडू लागे, तो संधी साधून बाहेर निघे. नाही जमलं की पुन्हा आत. वेग पडून पहिल्या गिअरची पाळी आलीच तर दोन्ही गाड्यांत एकच पंचाईत होती. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. चालत्या गाडीत पहिला टाकायचा म्हणजे डबल क्लच मारायचा, नाहीतर गिअरबॉक्समधून असा आवाज निघे की मागे बसलेल्या आजीबाईसुद्धा ‘काय रे मोडलं?’ म्हणून विचारत. अँबॅसिडरवाला दुसऱ्यातच रेटत राही. त्याला ओव्हरटेकची घाई नसे.

एप्रिल-मेच्या उन्हात फियाटचा आणखी एक खेळ व्हायचा. चढ संपता संपता गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. पेट्रोलच्या नळीत वाफ धरलेली असे. ड्रायव्हर खाली उतरणार, बॉनेट उघडणार, पाण्याच्या बाटलीने फडकं भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळणार आणि झाडाखाली बसणार. थोड्या वेळाने गाडी मुकाट चालू. अँबॅसिडरलाही हा त्रास अगदीच नव्हता असं नाही. पण फडकं जवळ बाळगायची सवय फियाटवाल्याची.

उताराला हिशेब उलटा होई. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर. आंबोलीहून दाणोलीकडे उतरताना काही किलोमीटरांत गाडी सह्याद्री सोडून कोकणात येते. दोन्ही गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापले की ब्रेक पातळ होतात, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. इथे अँबॅसिडरचं वजन तिच्यावर उलटे. जाणते ड्रायव्हर ‘ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर’ एवढंच शिकवत, आणि सावंतवाडीला पोचल्यावर चाकाला हात लावून बघत. फियाट हलकी, आवाक्यातली. वळणावर ती आज्ञेत राही. स्टिअरिंगबद्दल मात्र अँबॅसिडरला तिचं श्रेय द्यायला हवं. तिला रॅक-अँड-पिनियन होतं, जे त्या काळातल्या कितीतरी महागड्या परदेशी गाड्यांनाही नव्हतं. चालवणाऱ्याला ते जाणवायचं नाही, कारण सांधे ढिले झाल्यावर स्टिअरिंग अर्धं वळवलं तरी गाडी विचार करत बसे.

अंगापिंडाचा फरकही इथल्या जगण्याशी नीट जुळवून बघण्यासारखा आहे. अँबॅसिडर लांबीला ४ मीटर ३२ सेंटिमीटर, फियाट ३ मीटर ९३. रुंदीत अँबॅसिडर वीसेक सेंटिमीटरनी सरस. या वीस सेंटिमीटरांत पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस बसतो, आणि गिअर स्टिअरिंगखाली असल्यामुळे त्याच्या गुडघ्यांची अडचण होत नाही. फियाटलाही तसाच बाक आणि तसाच गिअर, पण तिथे तिसरा माणूस बसला की ड्रायव्हरला दाराला टेकून चालवावं लागे. उलट रामदेव गल्ली, गणपत गल्ली, मारुती गल्ली अशा जुन्या बेळगावात फियाट सहज वळे. अँबॅसिडर घातली की समोरून टांगा आला तर कुणी मागे घ्यायचं यावरून आणखी एक वाद. चाकं अँबॅसिडरला १५ इंची, फियाटला १४. निपाणीच्या भोवती अक्कोळ, बेनाडी, भोज, गळतगा या बाजूला काळी जमीन आहे. पावसाळ्यात तिथल्या गाडीवाटेत एक इंचही कामाला येतो. तंबाखूच्या व्यापाऱ्याला शेतावर जाऊन माल बघायचा असे; त्याने अँबॅसिडर पसंत केली ती काही सरकारी रुबाबासाठीच नव्हे.

स्टिअरिंगखालच्या त्या गिअरबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या दोन गाड्यांचा संसार ज्यांनी केला त्यांच्या आठवणीत तोच पक्का बसला आहे. दांडा हातात स्टिअरिंगजवळ आणि गिअरबॉक्स खाली इंजिनामागे. मध्ये लांब सळ्या, कोपरे, बुश. हे बुश झिजले की सळ्या एकमेकींत अडकत. गाडी सिग्नलला उभी, पहिला पडत नाही, दुसरा निघत नाही, दांडा नुसता हलतोय. मग ड्रायव्हर शांतपणे उतरतो, बॉनेट उघडतो, आत हात घालून दोन सळ्या एका ओळीत आणतो. खट् असा आवाज होतो. बॉनेट आपटून बंद, हात पँटला पुसून तो पुन्हा आत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असतात आणि हा कुणाकडे बघतही नाही. गोवावेसच्या चौकात हे दृश्य नवं नव्हतं. गॅरेजमध्ये दाखवलं तर मिस्त्री म्हणायचा, ‘बुश बदलतो की, पण परत येणार तुम्ही.’ आणि माणूस परत येईच.

मिस्त्री हा या वादातला खरा न्यायाधीश. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम, लेथकाम, बोअरिंग करणारे हात होते. उसाच्या चरकापासून पंपापर्यंत काहीही दुरुस्त करत हा भाग शिकलेला. अँबॅसिडर आणि फियाट अशा लोकांच्या हातात पडल्या. इंजिन धूर टाकू लागलं की हेड उघडायचं, सिलिंडर रिबोअर करायचे, ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे, व्हॉल्व्ह घासायचे, टॅपेटची फट फीलर गेजने जुळवायची. यात संगणक नाही, कंपनीचं गुपित नाही. अँबॅसिडरचं बॉनेट उघडलं की इंजिनाभोवती एवढी मोकळी जागा की हात कोपरापर्यंत आत जाई. फियाटचं इंजिन जास्त नाजूक कारागिरीचं. तिला कान असलेला मिस्त्री लागे. टाइमिंग अंशभर चुकलं तरी ती रुसे, आणि नीट जुळवली तर शिवणयंत्रासारखी चाले. अँबॅसिडर कशीही जुळवा, ती आपल्या चालीनेच चाले. माझ्या मते हाच दोघींतला सगळ्यात मोठा फरक, आणि तो कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. चालवायला फियाट उजवी. वापरायला अँबॅसिडर. ज्याच्या गावात चांगला मिस्त्री आणि बऱ्यापैकी डांबरी रस्ता, त्याने फियाट घ्यावी. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याने घेऊ नये.

अर्थात घ्यावी म्हटलं म्हणून कुणाला मिळत नव्हती. नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. दोघींत फियाटची रांग कितीतरी लांब होती. लोकांची आवड कुठे होती त्याचा हा सगळ्यात प्रामाणिक पुरावा. नंबर लागलेली फियाट शोरूममधून बाहेर पडताच वरचे पैसे घेऊन विकता येई, आणि विकणारे विकतही. १९६९मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमती बांधून दिल्या तेव्हा कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या खटल्याचं नावच प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार. किंमतबंदी सत्तरच्या दशकाच्या मध्याला उठली, रांग मात्र उठली नाही. स्पर्धा नव्हती, सुधारणेची निकड नव्हती. मार्क दोन, मार्क तीन, मार्क चार अशा अँबॅसिडरच्या आवृत्त्या निघत. जाळी बदले, दिवे बदलत, बॉनेटखाली तेच इंजिन. आपला वाद एवढी वर्षं टिकला तो दोन्ही गाड्यांच्या गुणांमुळे जितका, तितकाच तिसरी गाडी येऊ दिली नाही म्हणून.

कुणाकडे कोणती गाडी हे बेळगावात साधारण सांगता येत असे. कॅम्पातले, टिळकवाडीतले डॉक्टर, वकील, प्राध्यापक फियाटवाले. पेढीवाले, साखर कारखान्याचे चेअरमन, तंबाखूचे शेठ अँबॅसिडरवाले. यात अपवाद भरपूर. आणि सरकार तर पूर्णपणे अँबॅसिडरमध्ये बसलेलं. सीमाप्रश्नाकडे या बाजूने कुणी पाहिलं नाही, पण पाहण्यासारखं आहे. केंद्राने १९६६मध्ये निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. पुढल्या वर्षी त्याचा अहवाल आला. त्यात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर मैसूरला अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो नाकारला, मैसूरने उचलून धरला. अंमल कुणीच केला नाही. या सगळ्या वर्षांत मुंबईचे मंत्री, बंगळूरचे मंत्री, दोन्हीकडचे कलेक्टर आणि पोलीसप्रमुख ज्या पांढऱ्या गाडीतून या रस्त्यावर धावत होते ती एकाच कारखान्यातली. दोन सरकारांचं बाकी कशावर जमलं नसेल, गाडीवर जमलं होतं.

१९७३च्या तेलसंकटाने हिशेब पुन्हा मांडला. पेट्रोल भडकलं. फियाट लिटरला बारा-तेरा किलोमीटर जाते आणि अँबॅसिडर नऊ-दहा, असं चालवणारे सांगत. बेळगाव ते निपाणी सुमारे पाऊणशे किलोमीटर. जाऊन-येऊन चार लिटरांचा फरक. घरच्या गाडीला तो चालून जाई. भाड्याच्या गाडीला नाही. फियाटचं पारडं जड झालं, आणि तसंच राहिलं असतं. पण १९८०मध्ये हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसिडरमध्ये डिझेल इंजिन घातलं. तेच १४८९ सीसीचं, फक्त डिझेलचं. शक्ती ३७ अश्वशक्ती. भारतात बनलेली ही पहिली डिझेल कार. माणसं भरली की टनामागे पंचवीस अश्वशक्तीसुद्धा उरत नव्हती. तवंदीच्या चढाला ती कशी जायची हे तिच्यामागे अडकलेल्या कुणालाही विचारा. थंडीत बेळगावच्या पहाटे ती सुरू करणं हा गल्लीचा कार्यक्रम. चार जण ढकलायला, एक जण आत. पण डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त, आणि भाड्याने गाडी चालवणाऱ्याला घाट चढायला किती मिनिटं लागली यापेक्षा दिवसाच्या शेवटी खिशात काय राहिलं ते महत्त्वाचं. टॅक्सीपुरता वाद तिथेच मिटला. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल अँबॅसिडर होती त्यांतल्या काहींनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. तिचं बॉनेट मोठं असल्याचा फायदा इथे पुन्हा झाला. फियाटच्या पोटात एवढी जागाच नव्हती. पद्मिनीला डिझेल इंजिन मिळालं ते नव्वदीच्या मध्याला, आणि तेव्हा तिची सद्दी संपत आली होती.

डिझेलच्या गाड्या रुळत होत्या त्याच सुमारास, मार्च १९८१मध्ये, निपाणीचे तंबाखू शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. ज्या पिकावर इथल्या शेठजींच्या अँबॅसिडर उभ्या होत्या, त्याच पिकाला भाव मागायला. रस्त्यावर वस्तीच झाली. तिला आंदोलननगर म्हणत. तीन आठवड्यांहून अधिक काळ महामार्ग बंद होता. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले. त्या दिवसांत तवंदीचा चढ कोण आधी चढतं या प्रश्नाला काही अर्थ नव्हता.

यानंतरची हकीकत झरझर सांगण्यासारखी आहे. १४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली. आठशे सीसीहून कमी इंजिन, पण वजन इतकं कमी की फियाटचा हलकेपणाचा दावा एका फटक्यात निकालात निघाला. मारुतीचं बॉनेट उघडून सळ्या सरळ करायला कुणाला उतरावं लागलं नाही. गावोगावच्या वाहतुकीत जीप आणि ट्रॅक्स वडापला लागल्या आणि अँबॅसिडरची प्रवासी भरण्याची मिरासही गेली. हिंदुस्थान मोटर्सने नव्वदीच्या सुरुवातीला इसुझूचं १८१७ सीसीचं, ७५ अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच गिअर दिले. ही अँबॅसिडर खरोखर पळायची. घाटात नव्या गाड्यांना मागे टाकायची आणि मग वळणावर, जुन्याच पाट्यांवर झुलत, ड्रायव्हरला देव आठवायला लावायची. ती दहा वर्षं आधी आली असती तर या लेखाला वेगळं वळण मिळालं असतं.

नव्या मोटार कायद्याबरोबर १९८९पासून गाड्यांच्या नंबरांची पद्धतही बदलली. मैसूरच्या ‘एमवाय’ अक्षरांची आठवण मागे पडून बेळगावला केए-२२, चिकोडी-निपाणीला केए-२३, कोल्हापूर-चंदगडला एमएच-०९ आलं. गाडी कुठली हे आता लांबूनच वाचता येऊ लागलं, आणि सीमाभागात हे वाचता येणं नेहमीच सोयीचं नसतं. बेळगावच्या बाजारात रोज चंदगडकडच्या एमएच गाड्या येतात, त्याकडे एरवी कुणी बघत नाही. पण ६ डिसेंबर २०२२ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरचे ट्रक अडवून त्यांच्यावर दगडफेक झाली, आणि उत्तरादाखल पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. गाडीची कंपनी कोणती, इंजिन किती सीसीचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं. उत्तरपाड्याचा कारखाना २४ मे २०१४ला बंद पडला. वयोमर्यादा भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. बेळगाव-निपाणीत आज ज्या थोड्या जुन्या गाड्या चालू आहेत त्या हौसेच्या. त्यांचे मालक पंधरा वर्षांपुढची नोंदणी दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन वाढवून घेतात, आणि सुट्या भागांसाठी भंगारबाजार धुंडाळतात. कंपन्यांच्या कागदपत्रांत मात्र या वादाचा निकाल कुणाच्या ध्यानीमनी नव्हता असा लागला. २०१७मध्ये फ्रान्सच्या पूजो कंपनीने अँबॅसिडर हे नाव ८० कोटी रुपयांना विकत घेतलं; ही तीच पूजो, जिच्याबरोबर प्रीमियरने नव्वदीत गाडी काढून हात पोळून घेतले होते. जानेवारी २०२१मध्ये पूजोचा समूह आणि फियाटचा समूह एकत्र होऊन स्टेलँटिस नावाची एकच कंपनी झाली. तेव्हापासून फियाट आणि अँबॅसिडर ही दोन्ही नावं एकाच मालकाची आहेत.